वाद्याची पाठ

सवाई गंधर्व महोत्सवाचे फोटो आठवून पाहा. १९५३ साली भीमसेन जोशी यांनी आपल्या गुरूंच्या स्मृतीसाठी पुण्यात सुरू केलेला हा महोत्सव. त्याचे आजवर किती फोटो निघाले असतील याची गणती नाही. गायकाचा वर गेलेला हात, मिटलेले डोळे, मानेवरची ताणलेली शीर, सगळं लख्ख. मागे दोन तानपुरे, तेही धूसर, कडेला कापले गेलेले, शिष्यांच्या बोटांआड लपलेले. छायाचित्रकाराची यात काही चूक नाही. त्याला गाण्याचा क्षण पकडायचा होता आणि तो त्यानं पकडला. पण त्या तानपुऱ्याची घोडी कशाची होती, खुंट्या मूळच्या होत्या की बदललेल्या, भोपळा मागून कुठे तडकला होता का, असं उद्या एखाद्या कारागिरानं विचारलं तर त्या ढिगातून त्याच्या कामाचा फोटो क्वचितच सापडेल.

पारंपरिक वाद्यांचं छायाचित्रण म्हटलं की आपल्याकडे दोन कामांची सरमिसळ होते. वाद्य लोकांच्या नजरेत आणणं हे एक काम आणि वाद्य टिकवणं हे दुसरं. पहिल्याला वादक लागतो, चेहरा लागतो, उजेड-अंधाराचं थोडं नाट्य लागतं. दुसऱ्याला वाद्याची पाठ लागते, तळ लागतो, शक्य झालं तर आतली बाजू लागते आणि शेजारी ठेवलेली मोजपट्टी लागते. पहिल्या जातीचे फोटो उदंड आहेत. म्हणून या प्रकरणात मी दुसऱ्या जातीची बाजू जरा जास्त घेणार आहे.

पाठ न दिसण्याची अडचण जुनीच. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात महाजनक जातकातला नृत्याचा प्रसंग रंगवला आहे. मधोमध नर्तकी, तिच्याभोवती बासरी, तालवाद्यं आणि झांजा घेतलेल्या स्त्रिया. जुन्या काळच्या वाद्यमेळाचा यापेक्षा जिवंत पुरावा आपल्याकडे फार थोडा. पण चित्रकारानं रेखाटली ती फक्त प्रेक्षकाला दिसणारी बाजू. कातडं पलीकडून कसं ताणलं होतं, वादी कुठल्या गाठीनं आवळली होती, हे भिंतीला विचारून उपयोग नाही.

या भिंतींच्या नकलांची कथाही इथेच सांगून टाकतो. मद्रास सेनेतला अधिकारी रॉबर्ट गिल १८४४ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या आज्ञेवरून अजिंठ्याला आला आणि पुढची कित्येक वर्षं तैलरंगात नकला करत राहिला. त्या लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या होत्या. १८६६च्या आगीत त्यांतल्या बहुतेक जळाल्या. मग मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२पासून आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन सगळं काम नव्यानं केलं. त्या नकलाही लंडनला गेल्या आणि १८८५ साली तिथल्या आगीत त्यांतल्या शंभरावर सापडल्या. ग्रिफिथ्सचं काम आज आपल्याला प्रामुख्यानं दिसतं ते १८९६-९७मध्ये छापल्या गेलेल्या दोन खंडांमुळे. ग्रंथाच्या प्रती एका छपराखाली नव्हत्या, म्हणून त्या राहिल्या. गिल स्वतः पुढे कॅमेऱ्याकडे वळला होता. १८६४ साली जेम्स फर्ग्युसनच्या लेण्यांवरच्या पुस्तकात त्याचे ७४ फोटो आले. पण तेव्हाच्या कॅमेऱ्याला लेण्यातल्या अंधारातली रंगीत भिंत झेपणारी नव्हती. खांब आणि कमानी मिळाल्या, वाजवणाऱ्या बायका मिळाल्या नाहीत.

रंगांची हीच अडचण कॅप्टन सी. आर. डे यालाही आली असणार. दक्षिण हिंदुस्थान आणि दख्खनच्या संगीतावरचं आणि वाद्यांवरचं त्याचं मोठं पुस्तक १८९१चं. कॅमेरा येऊन अर्धशतक उलटलं होतं, तरी त्यातली रंगीत वाद्यं विल्यम गिब या चित्रकारानं हातानं काढलेली आहेत. ती पाहिल्यावर एक गोष्ट मान्य करावीच लागते. कारागिरीच्या बाबतीत चांगलं रेखाटन वाईट फोटोला सहज मागे टाकतं. सांधा काढायचा तर चित्रकाराला तो आधी समजून घ्यावा लागतो. कॅमेऱ्याला काहीच समजावं लागत नाही, म्हणून तो समजून घेण्याचा भार कॅमेरा धरणाऱ्यावर येतो. वाद्याचे फोटो काढणाऱ्यानं पहिला तास कॅमेरा पिशवीतच ठेवावा आणि वाद्य वाजवणाऱ्याला किंवा बनवणाऱ्याला ते सुटं करून दाखवायला सांगावं, या मताचा मी त्यामुळेच आहे.

असं सुटं करून बघायचं तर मिरजेसारखी दुसरी जागा नाही. तिथल्या तंतुवाद्यांची परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनची. हत्यारांना धार लावणारी शिकलगार घराणी, लढायांचा काळ सरला तशी त्यांची कामं आटली. फरीदसाहेब हे नाव या नव्या धंद्याच्या आरंभाशी जोडलेलं आहे. लोखंड घासणारे हात लाकूड आणि भोपळा घासू लागले, शिकलगारांचे सतारमेकर झाले आणि सतारमेकर गल्ली नावारूपाला आली. अब्दुल करीम खाँ मिरजेत येऊन राहिले, तेव्हा गवयाचा कान आणि कारागिराचा हात एका गावात नांदू लागले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा वर्तमानपत्रांतून फोटो आले ते तयार, चकचकीत, ओळीनं टांगलेल्या वाद्यांचे.

खरी गंमत ती वाद्यं चकचकीत होण्याआधीची. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला पिकणारा कडू भोपळा वाळून येतो, तो हिरव्या भाजीतल्या भोपळ्यासारखा नसतोच. जाड सालीचा, आतून पोकळ, बोटानं टिचकी मारली तर बोलणारा. कारागीर तो आधी पाण्यात भिजवतो, मगच कापतो, आतला गर खरवडून काढतो आणि वाळताना आकार जाऊ नये म्हणून आतून काड्यांचा आधार देतो. त्यावर गळा, गळ्यावर तुनीच्या लाकडाची पोकळ दांडी आणि भोपळ्याच्या तोंडावर किंचित फुगीर तबली. भोपळा हे शेतातलं पीक आहे, साच्यातून निघणारी वस्तू नाही, त्यामुळे वाद्याचा घेर शेवटी त्यानंच ठरवायचा. या प्रत्येक टप्प्याचा एक फोटो, त्यात हत्यार धरलेला हात आणि हत्यार नेमकं कुठे टेकलंय हे दिसेल, असा पंधरा-वीस फोटोंचा संच तयार सतारीच्या शंभर फोटोंहून मोलाचा. एक अट मात्र आहे. फोटोग्राफर येणार म्हणून कारागिरानं नवा सदरा घालून पॉलिश मारण्याचं नाटक करू नये आणि फोटोग्राफरनंही ते करायला लावू नये.

आता प्रत्यक्ष कामाचं. तानपुरा माणसाच्या छातीइतका उंच. मोबाइल घेऊन अडीच फुटांवरून फोटो काढला की भोपळा राक्षसी दिसतो आणि दांडी काडीसारखी, कारण जवळून लावलेली रुंद लेन्स पुढचं फुगवते. तीन-चार मीटर मागे सरकावं आणि झूम वापरावा, म्हणजे प्रमाणं जागेवर येतात. मागे राखाडी रंगाचा साधा पडदा असावा. पांढऱ्यावर हाडाचं आणि हस्तिदंताचं नक्षीकाम विरघळतं, काळ्यावर शिसवी खुंट्या गिळल्या जातात. फ्लॅश नकोच. लाखेच्या पॉलिशवर त्याचा पांढरा डाग पडतो आणि नेमकं त्याच्याखालचं लाकूड हरवतं. खिडकीचा सौम्य उजेड, लेन्सवर पोलरायझर आणि ट्रायपॉड एवढ्यावर बहुतेक काम भागतं. समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी, डोक्याकडून आणि बुडाकडून असे सहा फोटो, प्रत्येकात मोजपट्टी आणि रंगांची पट्टी. कंटाळवाणं काम आहे, मान्य. पासपोर्टचा फोटोही कंटाळवाणाच असतो आणि माणूस ओळखायला तोच लागतो.

या सहा फोटोंनंतर जवळून पाहायचा भाग सुरू होतो आणि तिथे कॅमेरा डोळ्याच्या पुढे जातो. तानपुऱ्याची घोडी घ्या. ती सतारीसारखीच सपाट, पण त्या सपाटीला हलका उतार असतो. तार तिथे एका बिंदूवर टेकत नाही, उतारावर घासत, थरथरत राहते. तारेखालचा दोरा पुढे-मागे सरकवून गायक जवारी, म्हणजे तारेची ती झणझण, खुलवतो ती इथेच. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली याच घोडीकडे लक्ष वेधलं होतं. तार ज्या जागी छेडली तिथे ज्या उपस्वरांचा निस्पंद बिंदू पडतो ते उमटू नयेत असा पाठ्यपुस्तकातला नियम आहे, पण तानपुऱ्यात ते खणखणीत उमटतात. त्याचं कारण त्यांना या उतारात दिसलं. आता हा उतार समोरून काढलेल्या फोटोत शून्य दिसतो. खोलीत अंधार करून एकच दिवा घोडीच्या पातळीला, अगदी आडवा ठेवायचा. तिरपा उजेड पृष्ठावरून सरपटत गेला की जिथे तारांनी घर केलंय तिथे चार बारीक चर सावलीनं उठून येतात. एकाची खोली जास्त, एकाची कमी, एक किंचित वाकडा. तारांनी वर्षानुवर्षं घासून ठेवलेल्या त्या खुणा आहेत.

तबल्याच्या शाईलाही हीच युक्ती लागू पडते. भाताची खळ आणि लोहाची पूड यांचे थरावर थर दगडानं घोटून शाई चढवतात. लांबून ती काळी, गुळगुळीत चकती दिसते. आडव्या उजेडात जवळून पाहिली की सुकलेल्या तळ्याच्या तळासारखी बारीक भेगांची जाळी दिसते. त्या भेगा म्हणजे दोष नव्हे. त्यांच्यामुळे जड शाई कातड्याबरोबर लवू शकते. नुसत्या कातड्याला न जमणारा सुरेल नाद या चकतीमुळे कसा येतो, हे रामन आणि शिवकाली कुमार यांनी १९२०मध्ये ‘नेचर’मध्ये मांडलं होतं. शाळेतल्या मुलांना तबला दाखवायचा झाला, तर झाकीर हुसेन यांच्या उडत्या केसांच्या फोटोशेजारी शाईचा हा फोटो लावून पाहावा. मुलं कुठे जास्त वेळ थांबतील याची मला खात्री आहे, पण पैज लावत नाही.

सगळ्या बाजूंनी एकमेकांवर चढत जाणारे फोटो काढून संगणकात त्रिमितीय प्रतिमा बनवण्याचं तंत्र आता स्वस्त झालं आहे. मृदंग, घुमट, संबळ अशा भरीव आकारांना ते छान बसतं. तंतुवाद्यांत ते अडखळतं, कारण चमकतं पॉलिश आणि केसासारख्या तारा त्याला नीट पकडता येत नाहीत. तारा उतरवून काम करणारे आहेत. मी म्हणेन, वाद्याच्या धन्याला विचारल्याशिवाय तारेला हात लावू नका.

प्रसिद्धीच्या फोटोंबद्दल मी मघाशी जरा तुटक बोललो. प्रसिद्धी कमी महत्त्वाची नाही. पण तिचीही गत काय होते ते तारप्याकडे पाहून कळतं. पालघर जिल्ह्यातल्या वारल्यांचं हे वाद्य. वाळलेला दुधी, त्यात बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, पुढे ताडाच्या पानांचा कर्णा आणि सांध्यांना मेण. वादक श्वास न तोडता फुंकत राहतो आणि नाचणाऱ्यांची साखळी त्याच्या सुराप्रमाणे वळते. १९७०च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांनी वारली चित्रकारांच्या हाती कागद दिला, जिव्या सोमा मशे यांचं नाव जगभर गेलं आणि त्या चित्रांतलं तारपानृत्याचं गोल वेटोळं आज कापडी पिशव्यांपासून हॉटेलांच्या भिंतींपर्यंत सगळीकडे आहे. महाराष्ट्रातल्या दुसऱ्या कुठल्या वाद्याला एवढी प्रसिद्धी मिळाली असेल असं मला वाटत नाही. तरी त्या पिशव्या खांद्याला लावणाऱ्यांपैकी किती जणांनी तारपा ऐकला आहे? प्रतिमा गाजली, आवाज जागच्या जागी राहिला. म्हणून तारप्याचा फोटो काढायला जाणाऱ्यानं त्याच दिवशी त्याच वाद्याचं ध्वनिमुद्रण करावं आणि दोघांना एकच क्रमांक द्यावा. सोलापूरकडच्या सुंद्रीचंही तेच. सनईच्या कुळातलं ते एवढंसं वाद्य फोटोत खेळण्यासारखं दिसतं. आवाज जोडल्याशिवाय त्याचा दरारा कळणार नाही.

गोव्याच्या घुमटाचं प्रकरण जरा वेगळ्या वाटेनं जातं. दोन्ही बाजूंना तोंड असलेलं मातीचं भांडं, मोठ्या तोंडावर कातडं, लहान तोंड उघडं. डाव्या तळव्यानं ते मिटत-उघडत वादक घुमारा खालीवर करतो. चतुर्थीच्या आरत्या त्याच्याशिवाय रंगत नाहीत. २०१९ साली गोवा सरकारनं त्याला वारसा वाद्याचा मान दिला. पूर्वी हे कातडं घोरपडीचं असायचं. घोरपडीला १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, म्हणून आता बकरीचं कातडं लावतात. कायदा योग्यच आहे, त्यात दुमत नको. पण आवाज बदलला का, काठावर कातडं चिकटवण्याची पद्धत बदलली का, हे कळायचं तर जुनी घुमटं आणि त्यांचे जुने फोटो जवळून पाहावे लागतात. सतारीच्या हस्तिदंती आणि सांबरशिंगी घोड्यांचंही हेच झालं. वस्तू वापरातून गेली, तर तिची नोंद तरी अचूक राहावी. फोटोखाली ‘जुनं, घोरपडीचं कातडं’ असं प्रामाणिकपणे लिहायला संकोच वाटू नये. तेच सुशोभित करून लपवणं वाईट.

लिहिण्यावरून आठवलं. आपल्या फोटोंचा सर्वांत दुबळा भाग त्यांच्याखालच्या ओळी. ‘पारंपरिक वाद्य वाजवताना ग्रामीण कलाकार’ अशी ओळ वाचली की संताप येतो. वाद्याला नाव आहे, कलाकाराला नाव आहे, गावालाही आहे. बनवणारा कोण, लाकूड कुठलं, कातडं कशाचं, स्वर कुठला लावला होता, वाद्य घरचं की मंडळाचं, हे सगळं फोटोच्या फाइलमध्येच भरून ठेवता येतं. त्यासाठी ठरलेले रकाने असतात. फोल्डरं लावताना भरताच्या नाट्यशास्त्रातली तत, सुषिर, अवनद्ध, घन ही विभागणी खुशाल वापरावी, ती जुनाट नाही. कलकत्त्याच्या राजा सौरींद्र मोहन टागोर यांनी १८७६ साली बेल्जियमच्या राजाला शंभराच्या आसपास भारतीय वाद्यं भेट दिली. ब्रुसेल्सच्या वाद्यसंग्रहालयाचा पाया त्यांवर आणि आणखी एका संग्रहावर रचला गेला. तिथल्या व्हिक्टर माहियों यांनी वाद्यांची जी चौविभागणी केली ती भरताच्या विभागणीशी जुळणारी होती आणि १९१४ साली होर्नबोस्टेल आणि साक्स यांनी तिच्यावर उभारलेली पद्धत आज जगभरची संग्रहालयं वापरतात. युरोपातल्या संग्रहालयांनी २००९ ते २०११ या काळात ‘मिमो’ नावाचा प्रकल्प राबवला, हजारो वाद्यांचे फोटो एका ठिकाणी आणले आणि फोटो कसे काढायचे याचे नियमही ठरवून दिले. आपल्याकडे पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात डॉ. केळकरांनी आयुष्यभर जमवलेल्या वस्तूंमध्ये वाद्यांचं सुरेख दालन आहे. तिथे परवानगी काढून फोटो घेणार असाल तर एक युक्ती सांगतो. काळ्या कापडाला लेन्सपुरतं भोक पाडा आणि ते काचेपुढे धरा, आपलंच प्रतिबिंब वीणेवर बसत नाही.

ठेवण्याची व्यवस्था हा कंटाळवाणा विषय दोन वाक्यांत उरकतो. एक प्रत घरी, एक वेगळ्या डिस्कवर, एक दुसऱ्या गावात. २ सप्टेंबर २०१८च्या रात्री रिओ द जानेरोचं राष्ट्रीय संग्रहालय जळालं, तेव्हा तिथल्या विद्यार्थ्यांना भेट देऊन गेलेल्या लोकांकडून मोबाइलमधले फोटो मागवावे लागले.

संमतीचा प्रश्न त्याहून नाजूक. गोंधळ्याचा संबळ देवीपुढे वाजतो. तो मांडून, उलटा करून, तळ दाखवत फोटो काढणं काही घरांत चालतं, काही घरांत चालत नाही. नाही म्हटलं तर नाही. हो म्हटलं तर मोठी छापील प्रत त्या घरी पोहोचवायची आणि फोटो कुठे छापला, कुठे टाकला तेही सांगायचं. कारागिराच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. त्याच्या नक्षीचा जवळून काढलेला, मोजमापासकटचा फोटो म्हणजे त्याच्या नकलेचा नकाशाच असतो. मानांकन मिळाल्यावर नकला वाढतात, त्यामुळे कुठले फोटो सगळ्यांना दाखवायचे आणि कुठले त्याच्या घरातच राहू द्यायचे, हे ठरवायचा हक्क त्याचा.

सुरुवात करायला मिरज किंवा ब्रुसेल्स गाठायची गरज नाही. गावोगावच्या भजनी मंडळांत जुने मृदंग आहेत, घराघरांत आजीचा तानपुरा कपाटावर आडवा पडलेला आहे. सतारीला आणि तानपुऱ्याला आत डोकावायला भोक नसतं. आतली बाजू दिसते ती फक्त तबली उघडून दुरुस्ती चालू असताना. त्या वेळी कारागिराला थांबायला सांगून आतल्या गळ्याचे, सांध्याचे, जुन्या डागडुजीचे फोटो घेतले तर पुढच्या दुरुस्तीपर्यंत ते उपयोगी पडतात. घोडीचं याहून उलट आहे. जवारीसाठी घोडी घासली की तारांचे ते जुने चर कानशीखाली जातात आणि पुन्हा कुणाला दिसत नाहीत. म्हणून तानपुरा जवारी काढायला देण्याआधी खोलीत अंधार करा, घोडीपाशी आडवा दिवा ठेवा, शेजारी मोजपट्टी लावा आणि चार फोटो काढा. त्यात तारीख, गाव आणि वाद्याच्या धन्याचं नाव लिहायला विसरू नका.